दहा नंबरचा दगड

बिरू मारकडला मी पहिल्यांदा पाहिलं ते १९९३च्या मार्चमध्ये, बारामती-इंदापूर रस्त्यावर स्कूटर ढकलत असताना. माझी शाळा बारामतीला आणि आई इंदापूरला, त्यामुळे शनिवारची सकाळची शाळा सुटली की मी तसाच इंदापूरला निघायचो. त्या दिवशी कन्हेरीच्या पुढं पेट्रोल संपलं. एका कडुनिंबाच्या सावलीत खाकी सदऱ्यातला एक माणूस उकिडवा बसून किलोमीटरच्या दगडावर काळ्या रंगानं दहाचा आकडा काढत होता. शून्य पुरं होईपर्यंत त्यानं मान वर केली नाही. मी थांबलो. फळ्यावर अक्षर काढणाऱ्याला मध्येच हाक मारू नये, हे मला कळतं.

शून्य झालं. मी विचारलं, पुढचा पंप किती लांब?

"तीन किलोमीटर," तो म्हणाला. मग दगडाकडे एकदा पाहून खालच्या आवाजात त्यानं जोडलं, "न् वर साठ पावलं."

मला वाटलं, थट्टा करतोय. पण त्याचा चेहरा थट्टेचा नव्हता. स्कूटर ढकलत पुढं जाताना मी वळून पाहिलं, तर दगडाच्या मागच्या अंगाला हळदीचे डाग दिसले. आपल्याकडे रस्त्याकडेच्या कुठल्याही दगडाला कुणीतरी हळद लावतंच. मी त्याचा पुढं विचार केला नाही.

त्यानंतर जवळजवळ दर शनिवारी बिरू भेटत राहिला. तो मैलकुली होता. आठव्या दगडापासून चौदाव्यापर्यंतचा रस्ता त्याच्याकडे राखायला होता. खड्ड्यात खडी भरायची, मोऱ्यांमधला गाळ काढायचा, कडेचं गवत कापायचं, झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना लावायचा, आणि वर्षातून एकदा सगळे दगड रंगवायचे. खात्यानं त्याला फावडं, घमेलं आणि एक लाल झेंडी दिली होती. घड्याळ नव्हतं. वेळ तो एसटीवरून सांगायचा. फलटणची गाडी गेली म्हणजे भाकरी सोडायची, सोलापूरची गेली म्हणजे फावडं धुवायचं.

त्याच्या घरी पूर्वी मेंढरं होती. थोरला भाऊ मल्हार अजून तीस-चाळीस मेंढरं राखून होता, बाकीचं घर शेतीवर आलं होतं. बिरू चौथी शिकून १९८५ साली रस्त्यावर रोजंदारीनं लागला. मेंढरांमागं चालताना लागलेली पावलं मोजायची सवय मात्र गेली नव्हती. बोलता बोलताही त्याच्या मनात मोजणी चालू असे. कुठल्या मोरीपासून कुठली बाभळ किती पावलांवर, हे तो न बघता सांगायचा. मी गणिताचा मास्तर. त्याला दोनदा तपासून पाहिलं आणि दोन्ही वेळा मीच चुकलो.

अकरा वर्षं तो रोजंदारीवर होता. १९९६ साली जुन्या रोजंदारी माणसांना कायम करायची यादी निघणार होती आणि तीत त्याचं नाव होतं. पावसाळ्याच्या तोंडाला खात्याचे साहेब जीपनं रस्ता बघायला येणार, आपापला तुकडा कुणी कसा राखलाय ते पाहणार आणि मग यादीवर सही होणार. त्या वर्षी बिरूच्या बोलण्यात दुसरा विषय नव्हता. कायम म्हणजे महिन्याचा पगार, आजारपणाची रजा आणि म्हातारपणी पेन्शन. त्याची आई गोजरबाई मला एकदा म्हणाली होती, "माझ्या ल्योकाचं पाय रस्त्यानं खाल्लं, आता रस्त्यानंच त्येला बसवून खायला घालावं."

त्याच उन्हाळ्यात गाड्यांचं प्रकरण झालं.

बारामतीचे शंभूराज आणि इंदापूरचे सावळाराम हे साडू. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. शंभूराजांचे उसाच्या वाहतुकीचे ट्रक होते, सावळारामांची डाळिंबाची आडत. एकानं सोफा घेतला की दुसऱ्याच्या घरी महिन्यात त्याहून मोठा सोफा यायचा. शंभूराजांकडे पांढरी कॉन्टेसा होती. लांब, रुंद, आत बसलं की बैठकीच्या खोलीत बसल्यासारखं वाटे. त्या वर्षी सावळारामांनी बाटलीच्या रंगाची हिरवी सिएलो आणली. तोवर आमच्याकडे भारी गाडी म्हणजे कॉन्टेसाच होती. सिएलो आल्यावर चहाच्या टपरीपासून साखरवाटपापर्यंत एकच चर्चा सुरू झाली, पिकअप कुणाचा आणि टॉप कुणाचा. पिकअप म्हणजे जागेवरून उचल आणि टॉप म्हणजे शेवटचा वेग, हे तेव्हा चौथीतली पोरंसुद्धा सांगत.

एका बारशाला दोघे माझ्यासमोरच जुंपले. शंभूराज म्हणाले, तुमची गाडी म्हणजे डाळिंब, वरून चकचकीत, आत नुसत्या बिया. सावळाराम म्हणाले, तुमची म्हणजे उसाची ट्रॉली, फक्त काचा लावलेली. दोघंही आपापल्या गाडीच्या काट्याचा हवाला देत होते. मी म्हणालो, एका गाडीचा काटा दुसऱ्या गाडीविरुद्ध साक्षीला चालणार नाही. दोन्ही गाड्या एकाच रस्त्यावर, एकाच घड्याळानं मोजा.

बोलणाऱ्याच्याच गळ्यात पडायचं असतं. बावीस वर्षं शाळेच्या आणि तालुक्याच्या स्पर्धांना धावण्याची वेळ मीच घेत होतो. शाळेचं ते स्टॉपवॉच, सेकंदाच्या पाचव्या भागापर्यंत दाखवणारं, माझ्याच कपाटात असे. मलाच पंच नेमलं.

जागा ठरली बिरूच्या हद्दीत, नऊ ते अकरा या दगडांमधली, कारण तिथं रस्ता सुतासारखा सरळ आहे. पहिला किलोमीटर उभ्या गाडीनं सुरू करायचा, तो पिकअप. दुसरा किलोमीटर आलेल्या वेगातच पुरा दाबायचा, तो टॉप. मी ड्रायव्हरशेजारी बसून दगड आला की घड्याळ दाबायचं. शंभूराजांनी बिरूला लाल झेंडी घेऊन एका टोकाला उभं राहायला सांगितलं, दुसऱ्या टोकाला मल्हार. बिरू मध्येच म्हणाला, मधल्या दगडाला काय थांबायचं, सरळ नऊपासून अकरापर्यंत एकदाच मोजा की. शंभूराज हसले. तसं केलं तर पिकअप न् टॉप वेगळा कसा कळणार? बिरू झेंडी उलगडत आपल्या टोकाकडे चालू लागला.

मे महिन्यातला रविवार, सकाळचे सहा. आज त्याचा विचार केला तर अंगावर काटा येतो, पण तेव्हा तो रस्ता त्या वेळेला खरोखर रिकामा असे. शंभूराज बारामतीकडून आले होते, म्हणून कॉन्टेसा नऊवरून अकराकडे धावली. पुढचं नाक उचललं गेलं आणि मी पाठीमागं दाबला गेलो. दहाचा दगड आला तेव्हा घड्याळात पस्तीस पूर्णांक आठ सेकंद. पुढच्या किलोमीटरला बरोबर पंचवीस. म्हणजे ताशी एकशे चव्वेचाळीस.

सावळाराम इंदापूरकडून आलेले, त्यांची सिएलो अकराच्या दगडापाशीच उभी होती. त्यांनी विचारलं, मी इकडूनच निघू का? मी म्हणालो, काय फरक पडतो, रस्ता सपाट, वारा नाही. ते वाक्य माझं आहे, आणि ते मी विसरलेलो नाही. त्यांनी एसी बंद केला, कॅसेट बंद केली, देवाचं नाव घेतलं आणि निघाले. पहिला किलोमीटर सदतीस पूर्णांक चार. दुसरा तेवीस पूर्णांक चार. म्हणजे ताशी एकशे चोपन्न.

निकाल असा लागला की पिकअप कॉन्टेसाचा आणि टॉप सिएलोचा. सगळे खूश. साडूंनी एकमेकांना मिठी मारली, मल्हारच्या मेंढरांचं दूध घालून चुलीवर चहा झाला. बिरू चहा न घेताच फावडं उचलून निघून गेला. कामाचा माणूस, मला वाटलं.

आठवडाभर गोडी टिकली. मग शंभूराजांना कुणीतरी म्हणालं, टॉपमध्ये दहाचा फरक? एवढी मोठी गाडी आणि दहानं मागं? तेवढ्यात सावळारामांनी नेहमीसारखी माझ्या आईकडे डाळिंबाची पेटी पाठवली. आमचा घरोबा तीस वर्षांचा, पेटी दर हंगामाला यायची. पण या वेळी ती पेटी बारामतीपर्यंत बोलली गेली. लोक म्हणू लागले, गुरुजी मूळचे इंदापूरचे. कॉन्टेसात बसले तेव्हा अंगठा उशिरा दाबला. एसटी स्टँडवरच्या टपरीत एकानं माझ्या देखत दुसऱ्याला विचारलं, डाळिंबाच्या रसानं अंगठा चिकटतो म्हणे, खरंय का? सगळे हसले. मीही हसलो.

जूनमध्ये शाळा उघडली. मुख्याध्यापकांनी मला बोलावून चहा दिला आणि फार हळुवारपणे सांगितलं की या वर्षी तालुक्याच्या स्पर्धांना वेळ दुसरे शिक्षक घेतील, तुम्हाला जरा विश्रांती. मी कपाटातून घड्याळ काढून दिलं. त्याची दोरी माझ्या हातानं विणलेली होती, ती तशीच राहू दिली. ही बातमी चार दिवसांत कन्हेरीपर्यंत गेली.

त्या शनिवारी मी इंदापूरला गेलो नाही. रविवारी दुपारी चार वाजता बिरू माझ्या दारात उभा होता. कन्हेरीहून चालत आलेला, पायात धुतलेल्या वहाणा, डोक्याला स्वच्छ पटका. माझ्या घरी तो पहिल्यांदाच येत होता. आत बसायला तयार होईना. शेवटी उंबऱ्याच्या आतल्या बाजूला टेकला.

"गुरुजी," तो म्हणाला, "तुमचा अंगठा बराबर हाय. दगूड चुकलाय."

मग त्यानं सगळं सांगितलं. १९९२च्या उन्हाळ्यात इंदापूरकडून आलेला एक ट्रक वेग न आवरून कडेला घुसला. मल्हार मेंढरं घेऊन कडुनिंबाखाली दुपारचा पडला होता. ट्रकनं दहाचा दगड मुळासकट उपटला, दगड पुढच्या चाकाखाली अडकला आणि ट्रक त्याला फरफटत नेत कडुनिंबापाशी थांबला. मल्हारच्या उशापासून दोन हातांवर. एकही मेंढरू गेलं नाही. संध्याकाळी गोजरबाई भंडारा घेऊन आली. दगडानं माझ्या लेकरावरचं संकट अंगावर घेतलं, म्हणाली. तिथंच हळद वाहिली, नारळ फोडला. दर रविवारी येत राहिली, आणि तिचं बघून वस्तीवरच्या आणखी बायका.

पावसाळ्यात हुकूम आला, पडलेले दगड उभे करा. आता बिरू कात्रीत सापडला. दगड हलवायचा म्हणजे आईचा देव उचलायचा. कळवून नवा मागायचा तर जुना का चालत नाही, हे सांगावं लागणार. त्यानं मधला मार्ग काढला. दगड होता तिथंच, कडुनिंबाखाली, उभा केला. रस्त्याकडच्या तोंडाला आकडा रंगवला आणि मागचं तोंड आईला सोडून दिलं. वरच्या माणसाला सांगितलं, सगळे दगड जागेवर. तसं कागदावरही गेलं.

"साठ पावलं नऊच्या अंगाला सरकलाय," तो म्हणाला. "मी पावलं टाकून बगितलीत. लय येळा."

मी कागद ओढला. त्याचं पाऊल मला ठाऊक होतं, साठ पावलं म्हणजे पन्नास मीटरच्या आसपास. नऊ ते दहा म्हणजे साडेनऊशे मीटर आणि दहा ते अकरा साडेदहाशे. कॉन्टेसानं पिकअप आखूड किलोमीटरवर दाखवला होता आणि टॉप लांबट किलोमीटरवर. सिएलो उलटीकडून धावली, तिचं नेमकं उलटं झालं. मी आकडे पुन्हा मांडले. कॉन्टेसाचा टॉप ताशी एकशे एक्कावन्न, सिएलोचा एकशे सेहेचाळीस. पिकअपचा हिशेब अंदाजानंच करावा लागला, पण तिथं सिएलो जवळजवळ एका सेकंदानं पुढं होती. दोघांनी आठवडाभर एकमेकांचं यश आपलं म्हणून मिरवलं होतं.

घड्याळ खरं होतं. अंगठा खरा होता. मला आनंद व्हायला हवा होता, पण उंबऱ्याशी बसलेल्या माणसाकडे बघून होईना. साहेबांची जीप आठ दिवसांवर आली होती.

मी त्याला म्हणालो, बिरू, हे कुणाला सांगू नकोस. यादीवर सही होऊ दे. चार लोक मला काय म्हणतात, त्यानं माझा पगार थांबत नाही. कायम झालास की मग बघू.

तो बराच वेळ वहाणेच्या अंगठ्याशी चाळा करत राहिला.

"तुमी बावीस वर्सं घड्याळ राखलं," तो म्हणाला. "मी अकरा वर्सं दगूड राखलं. खोटं माझं निगालं न् घड्याळ तुमच्या हातातनं गेलं. आसं कसं चालंल?"

मी पुन्हा समजावलं. त्यानं चहा घेतला, बशी पालथी घातली आणि चालत कन्हेरीला गेला. मला वाटलं, पटलं असावं.

आठ दिवसांनी साहेबांची जीप आली. पुढची हकीकत मला मल्हारनं सांगितली, कारण तो तिथं होता. रस्ता झकास राखलेला. साहेब खूश होते. दहाच्या दगडापाशी बिरूनं हात करून जीप थांबवली आणि जे मला सांगितलं तेच साहेबांना सांगितलं. साहेब खाली उतरले. दगडाची मागची बाजू पाहिली. भंडाऱ्याचा थर, वाळलेली फुलं, नारळाची करवंटी. त्यांनी विचारलं, कुणी मांडला इथं? बिरू म्हणाला, मी. साहेबांनी टेप काढायला लावली. अठ्ठेचाळीस मीटर भरले. साहेब म्हणाले, चार वर्षं मी "सगळं जागेवर" म्हणून सही करतोय. ते ओरडले नाहीत. मल्हार म्हणाला, ओरडले असते तर बरं झालं असतं.

जुन्या दगडाला कुणी हात लावला नाही. त्याच्यावरचा दहा चुन्यानं पुसला आणि खऱ्या जागेवर नवा दगड आला. त्या वर्षीच्या यादीत बिरूचं नाव राहिलं नाही. त्याच्याबरोबरचे कन्हेरी-भवानीनगरकडचे तिघे कायम झाले.

शंभूराजांच्या कानावर गोष्ट गेल्यावर ते स्वतः माझ्या घरी आले. टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाले, "गुरुजी, तुमचा अंगठा सरळ निघाला, वाकडं आमचं तोंड होतं." त्यांना नव्या हिशेबात टॉप मिळाला होता, पण पिकअप गेला होता आणि त्याचं त्यांना खरं दुःख होतं. महिनाभर त्यांनी लोकांना पिकअप दाखवून दाखवून दोन क्लच प्लेटा झिजवल्या होत्या. सावळाराम तर शेवटपर्यंत म्हणत राहिले की टॉप आमचाच, दगडाचं आम्हाला सांगू नका. पुन्हा गाड्या पळवायची गोष्ट निघाली, पण मी नाही म्हणालो आणि दोघांच्या बायकांनी ते नाही पक्कं केलं.

शंभूराज बिरूकडेही गेले. आमच्याकडे ये, ट्रकच्या अड्ड्यावर मुकादम करतो, पगार खात्यापेक्षा जास्त. बिरूनं हात जोडले. माझं दगूड हायेत तितं, म्हणाला. शंभूराज मला सांगत होते आणि मान हलवत होते. असा माणूस आपल्या अड्ड्यावर नको म्हणाला याचं त्यांना वाईट वाटलं की बरं, ते कळलं नाही.

दुसऱ्या वर्षी मुख्याध्यापकांनी घड्याळ माझ्या टेबलावर आणून ठेवलं. दोरी तीच होती.

मी पुढं दर शनिवारी त्या रस्त्यानं जात राहिलो. बिरू पहिल्यासारखाच भेटायचा. कायमचं बोलणं मात्र त्यानं सोडून दिलं, आणि मीही काढत नसे. एकदाच मी विचारलं, गोजरबाई रागावली का रे? तो म्हणाला, न्हाय. आईनं तिच्या देवाला कौल लावला होता, पोरगं बरोबर वागलं का म्हणून. दगडाला तांदूळ चिकटवले, उजवीकडचा आधी पडला, म्हणजे होय. "देवाचं काय," तो म्हणाला, "त्येलाबी आकडा पुसून मोकळं वाटलं आसंल."

१९९९मध्ये पुन्हा यादी निघाली. तेव्हा रस्ता पाहायला दुसरे साहेब आले होते. त्यांनी सगळे दगड टेपनं मोजले, कारण कुणीतरी त्यांना जुनी गोष्ट सांगितली होती. आठ ते चौदामध्ये एक वीतही फरक आला नाही. बिरू कायम झाल्याचं त्यानं मला सांगितलं नाही. एका शनिवारी गोजरबाईच मोरीपाशी वाट अडवून उभी होती. हातावर पेढा ठेवला आणि म्हणाली, आता बसून खाईल.

त्यानंतर पुष्कळ गेलं. मी २००४ला निवृत्त झालो. कॉन्टेसा शंभूराजांच्या गोठ्याशेजारी बरीच वर्षं उभी होती, तिच्या टपावर कोंबड्या बसायच्या. सिएलो सावळारामांनी पुण्याच्या कुणाला तरी दिली. दोघे साडू एकाच वर्षी, चार महिन्यांच्या अंतरानं गेले. रस्ता रुंद झाला तेव्हा कडुनिंब तोडावा लागला. गोजरबाई तेव्हा नव्हती. तोडण्याच्या आदल्या दिवशी बिरू आणि मल्हार बैलगाडी घेऊन आले आणि जुना दगड कन्हेरीला आपल्या शेताच्या बांधावर घेऊन गेले. नव्या रस्त्यावरून आता त्याच त्या टापूत मुलं गाड्या ताशी एकशे चाळीसनं सहज नेतात, आणि त्यांना ते मोजावंसंही वाटत नाही.

गेल्या दिवाळीला माझा मुलगा मला कन्हेरीला घेऊन गेला. आम्ही बांधावर बसलो. दगडाची एक बाजू हळदीनं पिवळी होती आणि दुसऱ्या बाजूला चुन्याखालून दहाचा आकडा फिकट दिसत होता. मुलानं विचारलं, इथून डांबरी किती लांब? बिरूनं मान न वळवता सांगितलं, चारशे बारा पावलं, पण आता गुडघं दुखत्यात, म्हणून साडेचारशे धरा.

बिरू आता सदुसष्ट वर्षांचा आहे. त्याला पेन्शन मिळते आणि त्याच्याकडे अकरा शेळ्या आहेत.